रोग्यांची खतावणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे पेढ्यांवर वह्यांची पूजा होते. कोऱ्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, वर 'श्री' लिहिली जाते, फूल-अक्षता वाहिल्या जातात आणि मग लाह्या-बत्ताशांचा प्रसाद वाटतात. त्यानंतर दोनच दिवसांनी यमद्वितीया येते. आपण त्या दिवशी भाऊबीज करतो, तर उत्तरेकडील कायस्थ मंडळी दौत-लेखणी पुढे मांडून चित्रगुप्ताची पूजा करतात. चित्रगुप्त हा यमराजाच्या दरबारचा कारकून. जन्माला आलेल्या प्रत्येक जीवाचे खाते त्याच्या वहीत असते. एक नाव गळत नाही की एक दिवस कोरा राहत नाही. आम्हा मास्तर मंडळींना या देवाविषयी विशेष आदर वाटावा हे ओघानेच आले. पण त्याच्या कारभारात एक मोठी उणीव आहे. त्याची वही उघडते ती माणूस मेल्यानंतर! तोवर तीतल्या नोंदींचा त्या माणसाला काय किंवा त्याच्या शेजाऱ्याला काय, काडीचा उपयोग नाही.

तशीच वही जिवंत माणसांसाठी ठेवली, आणि मधूनमधून उघडून वाचली, तर काय होईल? युरोपच्या उत्तर टोकाला असलेल्या स्वीडन देशाने हे करून पाहिले. लोकवस्ती जेमतेम एक कोटीच्या वर. म्हणजे आपल्या मुंबईहून कमी. थंडी अशी की वर्षातले कित्येक महिने दिवस केव्हा उगवला नि केव्हा मावळला ते कळू नये. या देशाने आपल्या रोग्यांची जी खतावणी घातली, तिची हकीकत मला सांगायची आहे.

मी पोटासाठी मास्तर आणि हौसेसाठी कादंबऱ्या लिहिणारा. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु नोंदवही हा मात्र खचित माझा प्रांत आहे. हजेरीपट भरणे हे काम जगात सर्वांत कंटाळवाणे असेल. पण महिन्याअखेरीस तो आडवा न वाचता उभा वाचला, तर गावाचे सारे गुपित त्यात दिसते. बाजाराच्या दिवशी कोणत्या मुली गैरहजर, सुगीत कोणती मुले, पहिल्या पावसानंतर कोणत्या वाडीची पोरे एकदम नाहीशी होतात, हे एकेका दिवसाच्या हजेरीत कधीच कळत नाही. उभे वाचले की कळते. स्वीडनची सारी कथा या उभ्या वाचण्याची आहे.

आरंभ झाला तो चर्चमध्ये. १६८६ साली तिथे एक धर्मकायदा झाला आणि पाद्र्यांवर दप्तराचे काम आले. कोण जन्मले, कोण मेले, कोणाचे लग्न झाले, कोण गाव सोडून गेले, हे सर्व त्यांनी लिहायचे. शिवाय घरोघरच्या माणसांची परीक्षा घेऊन कोणास वाचता येते, कोणास धर्माची प्रश्नोत्तरे पाठ आहेत, तेही टिपायचे. हेतू अर्थातच धर्माचा होता. कोणाच्या आरोग्याची चिंता कोणी करीत नव्हते. पण लिहिण्याची सवय लागली. पुढे १७४९ साली सरकारने त्याच पाद्र्यांना छापील तक्ते पाठविले, आणि प्रत्येक गावात किती जन्मले, किती मेले, कोणत्या वयात मेले आणि कशाने मेले, ते भरून पाठवा म्हणून सांगितले. सबंध देशाची अशी अखंड शिरगणती ठेवणारा हा जगातला पहिला उद्योग. त्या तक्त्यांचा अर्थ लावणाऱ्यांत पेहर वार्गेंतिन हा प्रमुख होता, आणि तो होता ज्योतिर्विद. गुरूच्या चंद्रांची कोष्टके करणारा. आकाशातल्या चंद्रांवरून तो जमिनीवरच्या मर्त्य माणसांच्या आयुर्मानाकडे वळला. बेरीज झाल्यावर कळले की, देशात माणसे वाटली होती त्यापेक्षा फारच थोडी आहेत. तेव्हा दरबाराने काय करावे? आकडा गुप्त ठेवला! शत्रूला कळले तर काय, ही भीती. आकड्यांना घाबरण्याची राजकर्त्यांची खोड फार जुनी आहे.

पण एक आकडा गुप्त राहिला नाही, आणि मला तो साऱ्या इतिहासात मोलाचा वाटतो. १७५१ साली तिथल्या आरोग्य मंडळाने राज्यसभेला कळविले की, बाळंतपणात ६५१ स्त्रिया दगावल्या. पुरेशा शिकलेल्या सुइणी असत्या, तर त्यांतल्या निदान ४०० वाचल्या असत्या. त्याआधी शेकडो वर्षे बायका बाळंतपणात मरतच होत्या. प्रत्येक घरात ते दैव होते, प्रत्येक गावात एखाददुसरी दुर्दैवी घटना होती. पाद्र्यांचे तक्ते एकाखाली एक मांडल्यावर ते दैव राहिले नाही. ते एक राहून गेलेले काम झाले. स्वीडनने सुइणी शिकविल्या, त्यांना खेड्यापाड्यांत नेमले, आणि १८२९ साली अडलेल्या बाळंतिणीसाठी चिमटा वापरण्याची परवानगीही दिली, जी इतर देशांत केवळ डॉक्टरांची मिरास होती. १७५१ च्या सुमारास लाख बाळंतपणांमागे ९०० च्या आसपास बाया मरत. १९०० पर्यंत तो आकडा २३० वर आला. त्या काळात ना पेनिसिलिन होते, ना रक्त चढविण्याची सोय.

आता दीडशे-दोनशे वर्षांची उडी मारू. १९४७ साली, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी, स्वीडनने प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक दिला. जन्मतारीख आणि तिच्यापुढे काही आकडे. नाव बदला, गाव बदला, नवरा बदला, क्रमांक बदलत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमधला नंबर जसा दाखल्यावर जन्मभर पाठीशी लागतो, तसाच. फरक इतकाच की आमचा नंबर शाळेपुरता, आणि त्यांचा दवाखान्यापासून स्मशानापर्यंत सगळीकडे चालतो. या क्रमांकामुळे एक गोष्ट शक्य झाली. वाणीमंडळींना ती चटकन कळेल. दुकानात दोन वह्या असतात. रोजकीर्दीत त्या त्या दिवशी जे घडले ते घडल्या क्रमाने लिहितात. आणि खतावणीत तेच व्यवहार उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडतात. डॉक्टरांचा केसपेपर ही रोजकीर्द. ती सगळ्या जगात आहे. खतावणी मात्र फार थोड्यांनी घातली.

ती घालण्याची कल्पना सुचली ती हाडांच्या डॉक्टरांना. झिजलेला खुब्याचा सांधा काढून तिथे धातूचा नि प्लास्टिकचा सांधा बसविण्याची युक्ती इंग्लंडात जॉन चार्नली या शल्यवैद्याने १९६० नंतरच्या वर्षांत पक्की केली, आणि बघता बघता तिचा प्रसार झाला. लंगडणारी माणसे चालू लागली. लगोलग कारखानदार पुढे सरसावले. याचा सांधा नव्या घाटाचा, त्याचे सिमेंट नव्या रसायनाचे. प्रत्येकजण म्हणे, माझा माल सरस. आता एका डॉक्टरला हे कसे कळावे? सांधा बिघडतो तो पाच वर्षांनी, दहा वर्षांनी. तोवर रोगी दुसऱ्या गावी गेलेला असतो, दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, किंवा देवाघरी जातो. पहिल्या डॉक्टरला वाटते, रोगी परत आला नाही, त्याअर्थी बराच असणार! न आलेल्या रोग्याला बरा झालेला समजणे हा वैद्यांचा सनातन भ्रम आहे, आणि आमच्या धंद्यातही तो आहे: प्रश्न न विचारणाऱ्या मुलाला सगळे समजले असे आम्ही धरून चालतो.

१९७५ साली लुंड येथील प्राध्यापक योरान बावर यांच्या पुढाकाराने गुडघ्याच्या सांध्यांची देशव्यापी नोंदवही सुरू झाली, आणि १९७९ साली खुब्याची. तिच्या उभारणीत गोथेनबर्गचे पेटर हेर्बेर्ट्स यांचे नाव घेतात. सरकारचा हुकूम म्हणून नव्हे, तर डॉक्टरांनी आपण होऊन या वह्या उघडल्या हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कोणाला, कोणत्या बनावटीचा सांधा, कोणत्या रुग्णालयात बसविला. आणि तो पुन्हा उघडावा लागला तर कधी, कशासाठी. एवढेच लिहायचे. पण देशातल्या सगळ्यांनी लिहायचे, आणि सदैव लिहायचे. हळूहळू मोतीबिंदू, मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात अशा एकेका रोगाची वही निघत गेली. आज तिथे अशा शंभराच्या आसपास राष्ट्रीय नोंदवह्या आहेत.

शेजारच्या नॉर्वेने १९८७ मध्ये तशीच वही उघडली, आणि तिने काय केले ते पाहा. हाडात सांधा पक्का करण्यासाठी 'बोनलॉक' नावाचे एक नवे सिमेंट १९९१ च्या सुमारास बाजारात आले होते. जुन्या सिमेंटपेक्षा कमी तापते, कमी वास येतो, म्हणून त्याची वाखाणणी झाली. बर्गेन येथे वही वाचणाऱ्या डॉक्टरांना तीन-चार वर्षांतच दिसले की, या सिमेंटवर बसविलेले सांधे भराभर सैल पडत आहेत. १९९५ साली त्यांनी ते जाहीर केले आणि सिमेंट बाजारातून गेले. एकट्यादुकट्या डॉक्टरच्या हाती असे दोन-तीनच रोगी लागले असते, आणि त्याने आपल्याच हाताला दोष दिला असता.

हे सगळे गोडीगुलाबीने झाले असे मात्र समजू नये. पहिल्या वर्षांत कोणत्या रुग्णालयाचा निकाल कसा, हे गुप्त ठेवीत. पुढे तो नावानिशी छापावा अशी मागणी आली, तेव्हा बरीच कुरकुर झाली. आमच्याकडे जास्त अवघड रोगी येतात, ही तक्रार तर ठरलेली! तपासणीचे साहेब येणार म्हटल्यावर शिक्षकांच्या खोलीत जे ऐकू येते, तेच ते. 'आमच्या वर्गात यंदा पोरेच तशी आली.' या तक्रारीत तथ्य नसते असे नाही. म्हणूनच रोग्याचे वय, त्याचे इतर आजार हेही वहीत लिहू लागले, म्हणजे तुलना न्यायाची व्हावी. पण निकाल उघडे झाले, आणि हृदयविकाराच्या वहीत जी रुग्णालये मागे दिसली, ती पुढे सुधारली. लाजेने म्हणा, ईर्षेने म्हणा.

इथवर झाली ती देखरेख. पण वहीतून नवे ज्ञान काढायचे म्हटले की एक मोठी अडचण उभी राहते, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. समजा, आमच्या शाळेच्या निकालात दिसले की शिकवणीला जाणारी मुले अधिक पास होतात. म्हणजे शिकवणीने पास होतात काय? की ज्याच्या घरी शिकवणीची फी द्यायला पैसा आहे, त्याच्या घरी पुस्तके आहेत, दिवा आहे, अभ्यासाला कोपराही आहे, म्हणून पास होतात? निकालपत्रक कितीही उभे-आडवे वाचा, याचे उत्तर त्यात नाही. उत्तर हवे तर निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकून शिकवणी द्यावी लागेल. औषधांचेही तसेच. डॉक्टर एखादा उपाय कोणाला करतो? ज्याला तो मानवेल असे त्याला वाटते त्याला. मग तो रोगी वाचला, तर उपायाने वाचला की मुळातच वाचणार होता, हे कोणी सांगावे?

यासाठी नाणेफेक करून दोन गट पाडण्याची रीत वैद्यकात फार दिवसांपासून आहे. पण ती फार महाग. कोट्यवधी डॉलर लागतात, आणि तेवढा पैसा बहुधा औषध कंपन्यांकडेच असतो. ज्या उपायात कोणाचा नफा नाही, त्याची परीक्षा घेणार कोण? इथे स्वीडनच्या डॉक्टरांनी जी युक्ती काढली, तिचे मला कादंबरीकार म्हणूनही कौतुक वाटते, इतकी ती साधी आहे. त्यांनी नाणे वहीतच ठेवले!

हृदयविकाराच्या निरनिराळ्या नोंदी एकत्र करून २००९ साली त्यांनी 'स्वीडहार्ट' नावाची एक मोठी वही केली होती. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडून माणूस आला की तो देशात कुठेही येवो, त्याची नोंद तीत होतेच. त्या सुमारास एक नवा उपाय जोरात होता. बंद पडलेली वाहिनी फुग्याने उघडण्याआधी तीत अडकलेली रक्ताची गुठळी बारीक नळीने ओढून काढायची. किती सयुक्तिक! तुंबलेल्या मोरीतला गाळ आधी काढावा, हे तर घरच्या बाईलाही कळते. हॉलंडमध्ये एका रुग्णालयात हजारएक रोग्यांवर केलेल्या चाचणीत तो गुणकारी दिसला होता, आणि डॉक्टर मंडळी श्रद्धेने गुठळ्या ओढीत होती. ओरेब्रू गावचे डॉक्टर उले फ्रबेर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी ठरविले की हे तपासून पाहू. रोगी आला, डॉक्टरने नेहमीची नोंद उघडली, रोग्याला विचारून होकार घेतला, की संगणक त्याच क्षणी छाप की काटा ते सांगे: याची गुठळी ओढा, याची ओढू नका. पुढचे सारे वहीच करी. कोण जगले, कोण गेले, हे त्या १९४७ च्या क्रमांकावरून आपोआप कळे. २०१० ते २०१३ या काळात ७,२४४ रोगी त्यात आले. हृदयाच्या वाहिन्या उघडणारी स्वीडनमधली सगळी केंद्रे त्यात होती, शिवाय आइसलंड आणि डेन्मार्कमधले एकेक. तीस दिवसांनी हिशेब पाहिला, तर एकही रोगी बेपत्ता नव्हता. गुठळी ओढलेल्यांत शंभरात २.८ दगावले होते, न ओढलेल्यांत ३.०. म्हणजे फरक म्हणण्यासारखा नव्हताच. २०१३ साली हे प्रसिद्ध झाले आणि जगभर सरसकट गुठळ्या ओढण्याचा प्रघात मागे पडत गेला. या सगळ्याला खर्च आला सुमारे तीन लाख डॉलर. माणशी ५० डॉलर. आपल्या हिशेबाने चार-साडेचार हजार रुपये, एका मध्यम घराचा फराळाचा किराणा!

त्याहून मोठा धक्का पुढे होता. झटका आलेल्या माणसाच्या नाकाला प्राणवायूची नळी लावणे, हे शंभराहून अधिक वर्षे चालत आलेले. सिनेमातही आपण तेच पाहतो. पण त्याने खरोखर फायदा होतो काय, हे मोठ्या प्रमाणावर कोणी पाहिलेच नव्हते. कारण प्राणवायूत कोणाला नफा होणार? त्याच वहीत नाणे टाकून ६,६२९ रोग्यांवर ते पाहिले गेले. २०१७ साली निकाल आला: वर्षभरात प्राणवायू दिलेल्यांपैकी शंभरात ५.० गेले, न दिलेल्यांपैकी ५.१. इथे वाचकांना एक गोष्ट बजावून सांगतो, नाही तर दिवाळी अंक वाचून कोणी भलताच हट्ट धरायचा. ही चाचणी ज्यांच्या रक्तात प्राणवायू पुरेसा होता, अशांपुरतीच होती. ज्याच्या रक्तात तो कमी पडला आहे, त्याला तो दिलाच पाहिजे.

मला या दोन्ही गोष्टींत विलक्षण वाटते ते डॉक्टरांचे धैर्य. आपण जे वर्षानुवर्षे मनोभावे करीत आलो, ते निरुपयोगी ठरले तर ठरो, असे म्हणून आपणच नाणे हवेत फेकणे ही सोपी गोष्ट नाही.

आता दुसरी बाजू. एवढी सगळी माहिती एका ठिकाणी साठली, तर तिचे किल्लीदार कोण? हा प्रश्न स्वीडिश लोकांनाही पडला आणि तो चांगलाच कडाडला. स्टॉकहोम परिसरातल्या १९५३ साली जन्मलेल्या पंधरा हजारांवर मुलामुलींची माहिती एका समाजशास्त्रीय संशोधनासाठी वर्षानुवर्षे गोळा होत होती. शाळेतले गुण, इस्पितळातल्या नोंदी, सरकारी मदतीची दप्तरे, पोलिसांची कागदपत्रे, सारे त्यात होते. आणि त्यांतल्या बहुतेकांना याचा पत्ताही नव्हता! १९८६ च्या फेब्रुवारीत वृत्तपत्रांनी हे बाहेर काढले आणि एकच गहजब उडाला. तिशी ओलांडलेली माणसे विचारू लागली, त्या यादीत मी आहे काय? अखेर त्याच वर्षी नावे आणि क्रमांक त्या माहितीपासून कायमचे तोडून टाकण्यात आले. गंमत अशी, की संगणकातल्या माहितीला आवर घालणारा जगातला पहिला राष्ट्रीय कायदा याच देशाने १९७३ साली केला होता. कायदा होता, पण ज्यांची माहिती त्यांना सांगण्याची पद्धत नव्हती. पुढे २००८ साली रोग्यांच्या माहितीचा स्वतंत्र कायदा आला. रोग्याला सांगितले पाहिजे की तुझे नाव या वहीत जाते. आणि त्याने नको म्हटले तर ते गाळले पाहिजे. गाळा म्हणणारे थोडेच निघतात. माझ्या मते वहीची खरी ताकद या नकाराच्या हक्कात आहे. ज्याला नाही म्हणता येते, त्याच्याच होकाराला अर्थ असतो.

आपल्याकडे काय आहे, हे पाहायला फार लांब जायला नको. 'एएसआर' नावाचा, धातूवर धातू घासणारा एक खुब्याचा सांधा २००३-०४ नंतर जगभर विकला गेला. तो झिजून कोबाल्ट आणि क्रोमियम या धातूंचे कण रक्तात उतरत. ऑस्ट्रेलियाने १९९९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय वहीत २००७ पासूनच दिसू लागले की हा सांधा प्रमाणाबाहेर पुन्हा उघडावा लागतो आहे. २००९ च्या अखेरीस तो तिथल्या बाजारातून गेला, आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये कंपनीने तो साऱ्या जगातून परत घेतला. तोवर ९३,००० माणसांच्या शरीरात तो जाऊन बसला होता. त्यांत आपल्या देशातली सुमारे ४,७०० ऑपरेशने. केंद्र सरकारने २०१७ साली समिती नेमली, भरपाईची भाषा झाली, आणि मग कळले की भरपाई द्यायची कोणाला? बहुसंख्य रोग्यांचा पत्ताच लागेना. ज्याच्या खुब्यात तो धातू झिरपत होता, त्याला ते ठाऊक नव्हते. आणि ज्यांना ते ठाऊक होते, त्यांना तो माणूस सापडत नव्हता.

माझ्या आत्याच्या खुब्याचा सांधा त्याच काळात शहरातल्या एका रुग्णालयात बदललेला. सात-आठ वर्षांनी तो दुखू लागला, तेव्हा नव्या डॉक्टरने विचारले, 'आजी, सांधा कोणत्या कंपनीचा?' ऑपरेशनच्या वेळी सांध्याच्या खोक्यावरची चिठ्ठी कागदांवर चिकटवतात. पण तिची फाईल पुराच्या पाण्यात गेली होती. रुग्णालयात मी दोन खेपा घातल्या. इतके जुने कागद आम्ही ठेवीत नाही, असे उत्तर आले. आत्या म्हणाली, "अरे, आपल्या गाईच्या कानात सरकारचा बिल्ला आहे, त्यावर नंबर आहे. माझ्या हाडात काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही?" तिचा सांधा कोणता ते उघडल्यावर कळले. सुदैवाने तो 'त्यातला' नव्हता.

पण आपल्याला वही ठेवताच येत नाही, असे म्हणणाऱ्यांचेही मला पटत नाही. १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदवही सुरू केली, ती देशातली पहिली. आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला जी सुरू झाली, ती खेड्यांची पहिली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली ३४६ गावे. इथे स्वीडनसारखा जन्माचा क्रमांक नव्हता. कर्करोग झालेला माणूस इस्पितळात येईल आणि मग आपण लिहू, असे म्हणून बसले असते तर वही कोरीच राहिली असती. कारण खेड्यातली बाई अंगावर काढते, देवऋषी करते, आणि एके दिवशी जाते. म्हणून नोंद करणारी माणसेच गावोगाव फिरली. कोणाला गाठ आहे, कोणाला अवेळी रक्तस्राव होतो, असे विचारीत आणि लक्षणे समजावून सांगत. त्यातून एक असे घडले की जे कोणी योजले नव्हते. काही वर्षांनी वही उभी वाचली, तेव्हा दिसले की गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकर, रोग आटोक्यात असतानाच येऊ लागल्या आहेत. विचारपूस करणे हाच अर्धा उपचार ठरला होता.

याच पायावर पुढे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, एक मोठी चाचणी झाली. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. गावांचे ५२ समूह पाडले आणि कोणत्या समूहात कोणती तपासणी व्हायची, हे चिठ्ठ्यांच्या न्यायाने ठरले. एका गटात त्या रोगाच्या विषाणूची तपासणी, दोन गटांत दुसऱ्या तऱ्हेच्या तपासण्या, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच वाट. विषाणूची तपासणी आयुष्यात केवळ एकदा झालेल्या गटात, ३४,१२६ स्त्रियांपैकी आठ वर्षांत ३४ जणी या कर्करोगाने गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४. २००९ साली अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हे आकडे छापून आले, आणि तपासणी कोणती करावी या जगाच्या विचारात त्यांना वजन मिळाले. परांडा-भूमकडच्या कच्च्या रस्त्यांवरून फिरलेल्या त्या नोंदकऱ्यांची नावे मात्र कोणाला माहीत नाहीत.

त्या चौथ्या गटावरून पुढे मोठा वाद झाला. तपासणीने जीव वाचतात हा अंदाज असताना इतक्या बायकांना तिच्यावाचून ठेवणे योग्य होते काय, असे टीकाकारांनी विचारले. करणारे म्हणाले, त्या भागात त्या वेळी कोणालाच तपासणी मिळत नव्हती. आम्ही कोणाकडून काही काढून घेतले नाही. दोन्ही बाजू मी वाचल्या. माझे मत कोणत्या बाजूला झुकते ते विचाराल, तर अजून झुकलेले नाही. स्टॉकहोमच्या डॉक्टरला नाणे हवेत फेकताना दोन्ही बाजू खरोखरच सारख्या वाटत होत्या. इथे तसे होते काय? त्या ६४ जणींपैकी कितीजणींना चौथा गट म्हणजे काय हे समजावून सांगितले गेले असेल, हे वहीत लिहिलेले नाही.

बार्शीची वही मात्र पुढे चालली. तिच्यातली ती ३४६ गावे कोणी मला वाचून दाखवली, तर त्यांतल्या दोन-चार गावांत माझे जुने विद्यार्थी सासरी नांदत आहेत.